मेंदूची दुखापत, दादाचे जाणे आणि रेकी

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरच्यांना पहिले काही आठवडे एकच चिंता असते, माणूस वाचतो की नाही. तो वाचला, घरी आला, चालू-बोलू लागला की सगळ्यांना हायसे वाटते आणि खरा कठीण काळ नेमका तिथून सुरू होतो. मी त्या काळातून गेले आहे. औषधे, ऑक्युपेशनल थेरपी आणि मानसोपचार यांच्या जोडीला मी दीर्घकाळ रेकी, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत, घेतली, आणि काही महिने टॅपिंग, म्हणजे ठरावीक जागी बोटांनी ठोकण्याचा उपचारही केला. सांगली-मिरज परिसरातील अशाच घरांतून आता मला फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘रेकीने मेंदू बरा होतो का?’ फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला पटत नाही, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

दादाच्या मोटारसायकलला मागून टेम्पोने धडक दिली. दादा जागीच गेला. मी मागे बसले होते. मला रुग्णालयात आणले तेव्हा माझा ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचे मोजमाप, १० होता. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली हे मोजमाप प्रसिद्ध केले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून त्यात ३ ते १५ गुण देतात, आणि ९ ते १२ गुण म्हणजे मध्यम स्वरूपाची दुखापत समजतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना तळाशी, रक्त साकळलेले दिसले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, परंतु पहिल्या दिवसांत फिट आल्यामुळे फिटची गोळी सुरू झाली.

शुद्धीवर आल्यानंतरही बरेच दिवस नवी आठवण माझ्या डोक्यात टिकत नव्हती. मी विचारत असे, “दादा कुठे आहे?” कोणीतरी सांगे, मी आकांत करी, आणि झोपून उठले की पुन्हा तोच प्रश्न विचारी. दर वेळी ती बातमी माझ्यासाठी पहिलीच असे. अखेर आईने सांगणेच थांबवले आणि ‘तो वरच्या वॉर्डात आहे’ असे म्हणू लागली. मुलगा गमावलेल्या आईला हे दिवसातून कितीदा म्हणावे लागले असेल, याचा विचार मला आजही सहन होत नाही. यातले मला स्वतःला काहीच आठवत नाही, सगळे नंतर कळले. दादाचे दिवसकार्य झाले तेव्हा मी आयसीयूत होते. माझी स्मृती ताळ्यावर आली तोपर्यंत घरातल्यांचे रडून झाले होते, वहिनी माहेरी जाऊन परत आली होती आणि दादाच्या कपाटाची आवराआवर झाली होती. माझे दुःख मात्र तेव्हा कुठे सुरू होत होते, आणि ‘हिच्या डोक्यावर ताण नको’ म्हणून माझ्यासमोर त्याचे नावसुद्धा कोणी काढत नव्हते.

शरीराची स्थिती अशी होती की मिक्सर लावला की डोके फुटेल असे वाटे, ट्यूबलाइटचा उजेड सोसत नसे, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की मला दोघांचेही कळेनासे होई. वास पूर्ण गेला होता. नाकाच्या छताशी असलेल्या सच्छिद्र हाडातून गंधाचे अतिशय बारीक तंतू मेंदूकडे जातात आणि डोके जोरात आदळले की ते तुटतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. फोडणी करपली तरी मला धूर दिसल्यावरच कळे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, पण त्या दिवसांत सुट्टे पैसे मोजतानाही मध्येच धागा सुटत असे. या सगळ्याहून घरच्यांना जड गेला तो माझा राग. मी मुलीच्या अंगावर ताट भिरकावेन असे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

रुग्णालयाने आपले काम नीट केले, हे आधी सांगितले पाहिजे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने मला दिवसाची आखणी शिकवली. कोणतेही काम वीस मिनिटे करायचे, मग डोळे मिटून पडायचे, आणि थकवा येण्यापूर्वीच थांबायचे. मात्र बाह्यरुग्ण विभागात आमच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या मिनिटांत स्कॅन, गोळ्या आणि फिट एवढेच बोलणे होई. झोप लागत नाही, दादा डोळ्यांपुढून हलत नाही, हे सांगण्याआधीच पुढच्या रुग्णाचा पुकारा झालेला असे.

रेकीचे मामीने सुचवले. तिच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका विश्रामबागेत राहतात, त्यांना सगळे काकू म्हणतात. माझ्या यजमानांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, परंतु त्यांनी अडवले नाही. फक्त आधी न्यूरोसर्जनला विचारू, एवढेच म्हणाले. डॉक्टरांचे उत्तर मला शब्दशः लक्षात आहे, कारण मी ते वहीत लिहून घेतले होते. “घ्यायची तर घ्या. फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, मानेला कोणाला झटका देऊ द्यायचा नाही आणि उपासतापास करायचे नाहीत.”

पहिल्या दिवशी काकूंनी मला काय काय होते ते शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला, कारण टिकटिकीचा मला त्रास होईल हे त्यांच्या लक्षात आले होते. हातांतल्या बांगड्या उतरवून उशीखाली ठेवल्या, म्हणजे हात हलवताना किणकिण व्हायला नको. पडदे ओढले. उदबत्ती लावली होती, पण तिचा वास मला येत नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी ती विझवली आणि पुढे माझ्या वेळी कधी लावली नाही. मी पाठीवर निजले. त्यांनी आधी दोन्ही तळवे डोळ्यांवर अलगद ठेवले, मग कानशिलांवर, मग मानेच्या वर डोक्याच्या मागच्या बाजूला, मग गळ्याजवळ आणि छातीवर. प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटे. कपाळावरच्या जखमेपाशी त्यांनी हात टेकवला नाही, बोटभर अंतरावर धरला. त्यांचे हात चांगलेच उबदार होते. काकूंच्या मते ती वैश्विक ऊर्जा होती आणि त्या केवळ तिचे माध्यम होत्या. मला इतकेच कळले की कानशिलांवर हात आले तेव्हा माझा आवळलेला जबडा सुटला, आणि छातीपर्यंत हात पोहोचण्याआधी मी झोपले होते. अपघातानंतर गोळीशिवाय आलेली ती पहिली झोप.

याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. रुग्णालयात माझ्या शरीराला दिवसभर कोणी ना कोणी हात लावत होते, पण प्रत्येक स्पर्शामागे काम असे. सुई टोचायची, रक्तदाब घ्यायचा, कूस बदलायची, अंग पुसायचे. घरी आल्यावर सगळे मला जपून, भीत भीत हात लावत. काकूंच्या खोलीत जवळजवळ तासभर एक माणूस माझ्याकडून कशाचीही अपेक्षा न ठेवता, काही न विचारता, माझ्या डोक्याशी बसून राहत असे. जखमी मेंदूला आवाज, उजेड आणि प्रश्न या तिन्हींपासून सुटका हवी असते, आणि ती माझ्या घरात कोणालाही देता येत नव्हती.

दादाविषयी मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले तेही तिथेच. छातीवर हात असताना माझ्या तोंडून निघाले, “मला त्याचा चेहरासुद्धा पाहायला मिळाला नाही.” काकूंनी हात काढला नाही. “रडा,” त्या म्हणाल्या, “मला कुठे जायचे नाही.” मी किती वेळ रडले कोण जाणे. त्यानंतर त्यांनी हृदयचक्र मोकळे झाले असे सांगितले. माझ्या दृष्टीने चक्राचा प्रश्न तेव्हा दुय्यम होता. माझ्या दुःखाला भ्यायले नाही असे एक माणूस मला भेटले होते.

रेकी सुरू झाल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मी झपाट्याने सुधारले. झोप सुधारली, राग उतरला, वाचन पुन्हा जमू लागले. मामीने गावभर सांगितले की रेकीने भाचीला बरे केले. कृतज्ञता बाजूला न ठेवता मला इथे नेमके लिहायचे आहे. मेंदूच्या दुखापतीत सर्वांत वेगाने होणारी सुधारणा साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत होते, आणि मी त्याच टप्प्यात होते. शिवाय मला लेव्हेटिरॅसिटॅम ही फिटची गोळी होती. चिडचिड आणि संताप हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. माझ्या रागाची मुळे तीन होती, मेंदूच्या पुढच्या भागाला झालेली इजा, ही गोळी आणि दादाचे जाणे. काकूंच्या भाषेत ते मणिपूरचक्राचे असंतुलन होते. यजमानांनी मी कधी चिडते याची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी गोळी बदलली, आणि काही आठवड्यांत घरातले वातावरण पालटले. तेव्हाही माझी रेकी चालूच होती. ती नोंद ठेवली नसती, तर तेही श्रेय आम्ही डोळे झाकून रेकीलाच दिले असते, आणि पुढे अशाच संतापाने बेजार झालेल्या एखाद्या घराला गोळीविषयी डॉक्टरांना विचारा असे सांगायचे राहून गेले असते. एकाच काळात चार गोष्टी चालू असताना कोणत्या गोष्टीने काय केले हे रुग्णाला स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. अनुभव कितीही खरा असला तरी.

वाचता येऊ लागल्यावर मी या विषयाचे जे मिळेल ते थोडे थोडे वाचले. जपानमध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर १९२२ साली मिकाओ उसुई यांनी एकवीस दिवसांचे उपोषण आणि ध्यान केले आणि त्यातून त्यांना ही पद्धत गवसली, अशी परंपरा आहे. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी आणि हायाशींच्या शिष्या हवायो ताकाता यांच्यामार्फत ती हवाई बेटांवर आणि तिथून जगभर गेली. उसुईंच्या पाच तत्त्वांची सुरुवात ‘फक्त आजच्या दिवशी’ अशी होते, आणि आजच्यापुरते रागावणार नाही, आजच्यापुरती चिंता करणार नाही, हे माझ्या तेव्हाच्या मेंदूला झेपणारे माप होते.

हाताने ऊर्जा खरोखरच जाणवते का, याची एक साधी तपासणी अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने केली आणि ती १९९८ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. रेकी नव्हे, पण तिच्याशी मिळतीजुळती ‘थेरप्यूटिक टच’ ही पद्धत वापरणाऱ्या २१ जणांना पडद्याआड बसवून, आपल्या कोणत्या हातावर एमिलीचा हात धरला आहे हे त्यांना ओळखायला सांगितले. २८० वेळांपैकी ४४ टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नुसत्या अंदाजाने येतील त्याहूनही कमी. मला अधिक जवळचा वाटला तो २०११ मधला अभ्यास. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांपैकी काहींना रेकी दिली, काहींवर रेकी न शिकलेल्या व्यक्तीने फक्त तसे हात ठेवले आणि काहींना नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्या गटापेक्षा बरे वाटले, आणि खऱ्या व खोट्या रेकीत फरक दिसला नाही. हे वाचून माझा हिरमोड झाला नाही. काकूंच्या खोलीत मला जे मिळाले त्याचे मला पटणारे स्पष्टीकरण मिळाले. कोणीतरी वेळ काढून, लक्ष देऊन, प्रेमाने जवळ बसते, यात बरे वाटण्याची मोठी ताकद आहे. आपल्या दवाखान्यांत ती आता फार दुर्मिळ झाली आहे, आणि माणसे रेकीकडे वळतात त्याचे निम्मे कारण हेच असावे.

टॅपिंगचे थोडक्यात सांगते. टेम्पोचा हॉर्न ऐकला की माझे हातपाय गार पडत. काकूंच्या एका विद्यार्थिनीने मला भुवईचे टोक, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचे हाड, काखेखाली, असे क्रमाने बोटांनी ठोकत भीतीचे वाक्य म्हणायला शिकवले. तेवढ्यापुरते बरे वाटे. पण रस्ता ओलांडायची हिंमत आली ती पुढे मिरजेत एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे ईएमडीआर घेतल्यानंतर. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून केलेला हा मानसोपचार ऊर्जाचिकित्सेत मोडत नाही. मानसिक आघातासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्याची शिफारस केली आहे. मला अपघात आठवतच नव्हता, त्यामुळे तिथे काम झाले ते मी मनाने रचलेल्या चित्रावर, रस्त्यावर एकटा पडलेला दादा, आणि त्याच्याजवळ असूनही त्याच्यासाठी काही करू न शकलेली मी. ते चित्र अजून आहे, पण आता ते मी बोलावल्याशिवाय येत नाही.

चुंबकाच्या उपचारांविषयीही लोक विचारतात. टीएमएस या उपचारात कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या पेशींना चेतना देतात. हे यंत्र १९८५ मध्ये शेफिल्ड येथे तयार झाले आणि नैराश्यासाठी त्याला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. ही मोजता येणारी ऊर्जा आहे, आणि म्हणूनच तिचे धोकेही खरे आहेत. फिट येऊन गेलेल्या रुग्णाबाबत डॉक्टर तो निर्णय फार विचारपूर्वक घेतात. प्रदर्शनांतून विकल्या जाणाऱ्या चुंबकाच्या गाद्यांशी त्याचा काही संबंध नाही.

आता एका प्रसंगाविषयी, जो मी मुद्दाम लिहीत आहे. एका नातलगाने दुसऱ्या शहरातील एका हीलरचा नंबर दिला. त्यांनी माझा फोटो मागवला आणि फोनवरच सांगितले की डोक्याच्या उजव्या बाजूला काळी ऊर्जा साचली आहे, दादाचा जीव माझ्यात अडकला आहे आणि रासायनिक गोळ्यांमुळे ऊर्जेचा मार्ग बंद झाला आहे. गोळी बंद करा, मग दूरस्थ उपचाराचे पॅकेज सुरू करू. रक्कम आगाऊ. दुःखात बुडालेल्या बहिणीला तिच्या भावाचा जीव अडकला आहे असे सांगणे ही क्रूरता आहे, आणि फिटची गोळी अचानक बंद करायला सांगणे जिवावर बेतू शकते. यजमानांनी तिथेच फोन ठेवला. आपल्याकडे १९५४ सालचा औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे आणि मेंदूचे विकार व अपस्मार बरे करण्याच्या जाहिराती त्याखाली निषिद्ध आहेत. तरीही आयसीयूबाहेर बसलेल्या माणसांपर्यंत असे नंबर पोहोचतात, कारण त्या बाकावर बसलेला माणूस कशालाही हो म्हणायच्या अवस्थेत असतो. मी हे काकूंना सांगितले तेव्हा त्या संतापल्या. गोळी सोडायला लावणाऱ्याने रेकीचे नाव घेऊ नये, असे त्यांचे शब्द होते.

पुढे मी त्यांच्याकडे रेकीची पहिली पातळी शिकले. शक्तिपातानंतर, म्हणजे गुरूने दिलेल्या दीक्षेनंतर, एकवीस दिवस रोज स्वतःवर हात ठेवून रेकी घ्यायची असते. मला त्यातून हक्काची विश्रांती मिळाली. ‘जरा पडते’ म्हटले तर घरात कोणीतरी हाक मारतेच, ‘रेकी घेते आहे’ म्हटले की दार लोटून घेतात. शाळेत आधी अर्धा दिवस रुजू झाले तेव्हा मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत डोळ्यांवर तळवे ठेवून मी दहा मिनिटे बसत असे. मुख्याध्यापिकाबाईंनी ती खोली माझ्यासाठी मोकळी ठेवली. फळ्यावर लिहिता लिहिता बोलणे, म्हणजे एकाच वेळी दोन कामे, जमायला मात्र फार काळ लागला, आणि ते वहीत गणिते सोडवण्याच्या सरावानेच जमले. वास पुरता परतलेला नाही. हिंग आणि कापूर कळतो, मोगरा कळत नाही.

भाऊबीजेला मी आता दादाच्या मुलाला ओवाळते. तो मला अपघाताविषयी विचारतो आणि मला जेवढे माहीत आहे तेवढे मी त्याला सांगते.

माझी फिटची गोळी डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, पाहून टप्प्याटप्प्याने कमी केली आणि मग बंद केली. फोन करणाऱ्यांना मी काकूंचा नंबर देते. त्याआधी डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी घेऊन न्यूरोसर्जनला भेटा, कवटीचे हाड काढलेले असेल किंवा जखम ओली असेल तर तिथे कोणालाही हात ठेवू देऊ नका, आणि रुग्णाला स्पर्श नकोसा वाटत असेल तर आग्रह धरू नका, एवढे सांगते. काकूही आता ती यादी पाहिल्याशिवाय डोक्याच्या रुग्णाला वेळ देत नाहीत.